नखुरडं

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख आता जरा वाकडं आहे. सुट्टे पैसे देताना एखाद्या प्रवाशाचं लक्ष गेलं, तर तो विचारतो, "दारात सापडलं काय?" मी हो म्हणतो. खरं सांगत बसलो तर पुढचा थांबा येईल आणि निम्म्या गाडीची तिकिटं राहून जातील.

खरं असं, की त्या बोटाला नखुरडं झालं होतं आणि त्यापायी मी मरता मरता राहिलो. आमच्या आगारात हे अजून कुणाला पटत नाही. हार्ट अटॅक सांगितला असता तर पटला असता. नखुरडं म्हटलं की लोक हसतात.

मी एसटीत वाहक आहे, सतरा वर्षं झाली. २०२३ चा ऑक्टोबर संपत आला तेव्हा आरक्षणाच्या आंदोलनामुळं मराठवाड्यातल्या बऱ्याच गाड्या बंद होत्या. घरी बसून काय करायचं म्हणून रानात गेलो. पाथरी तालुक्यात आमचं साडेतीन एकर आहे, दसऱ्यानंतरची पहिली वेचणी चालू होती. बाया दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत सरीनं पुढं जातात, बोलणं थांबत नाही आणि हातही थांबत नाही. माझ्यासारख्या वर्षातून चार दिवस वेचणाऱ्याला ते जमत नाही. उकललेलं बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. घाईनं कापूस ओढला की टोक नखाच्या कडेला घुसतं. संध्याकाळी हात धुताना बघितलं तर चार ठिकाणी टोचलेलं. त्यातलं मधल्या बोटाचं दोन दिवसांनी लाल झालं, फुगलं, एक रात्र ठणकलं. मायनं हळद-चुना लावला. तिसऱ्या दिवशी ठणका बसला, म्हणून मीही ते विसरलो.

शनिवारी, ४ नोव्हेंबरला, गाड्या सुरू झाल्यावरची माझी पहिली ड्युटी होती. पाथरी-परभणी. दुपारच्या फेरीत मानवत रोडच्या पुढं अशी हुडहुडी भरली की तिकीट मशीनची बटणं दाबता येईनात. बाहेर ऊन, गाडीत गर्दी, आणि मी दातावर दात आपटत उभा. एका म्हाताऱ्याला अर्ध्याऐवजी पूर्ण तिकीट दिलं, तो भांडायला लागला. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "काय होयलंय रे तुला? बस की खाली."

घरी आलो तेव्हा ताप १०३. रात्रभर उलट्या आणि जुलाब. मांड्या आणि पाठ कुणी उखळात घालून कुटल्यागत दुखत होत्या. रविवारी सकाळी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. "व्हायरल दिसायलंय, साथच चालू आहे," असं म्हणून एक सलाईन, दोन इंजेक्शनं. रक्त तपासलं तर पेशी, म्हणजे प्लेटलेट, ८८ हजार. आमच्याकडं पावसाळा संपला की सगळे ताप पेशींवर मोजतात. पेशी कमी म्हणजे डेंग्यू, मग डेंग्यूची चाचणी काहीही म्हणो. माझी चाचणी निगेटिव्ह आली, तरी मेव्हणा मोटारसायकल घेऊन पपईची पानं आणायला गेला आणि शेजारच्या काकूंनी शेळीचं दूध पाठवलं.

दुपारनंतर अंग लाल व्हायला लागलं. पुरळ नाही, फोड नाही. भर वैशाखात दिवसभर उघड्या अंगानं नांगर धरावा आणि पाठ होरपळावी, तसं. छाती, पोट, पाठ, मांड्या. बोटानं दाबलं की पांढरं पडायचं, बोट उचललं की पुन्हा लाल. दवाखान्यात सांगितलं, इंजेक्शनची ॲलर्जी आहे, आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. त्या डॉक्टरांनी माझं बोट बघितलं नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मीच दाखवलं नव्हतं, आणि वरून हळदीचा थर होता. पण त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा बीपी कुणी घेतला नाही. ही एक तक्रार मनात राहिली आहे, ती राहू दे.

रात्री लघवीला उठलो आणि अंगणात कोसळलो. बायकोनं मोबाइलची बॅटरी तोंडावर मारली आणि किंचाळलीच. "अहो, डोळे बघा तुमचे, जास्वंदीवानी झालेत!" तिनं दाजींना फोन लावला. त्यांच्या जीपमधून परभणी. तिथं बीपी वरचा ७०, खालचा मशीनला सापडेना. दोन्ही हातांना सलाईन जोरात सोडलं तरी काटा हलेना. दिवसभरात लघवी जेमतेम पेलाभर झालेली. "किडनीवर आलंय, इथं थांबू नका, नांदेडला हलवा," असं म्हणून त्यांनी १०८ बोलावली.

परभणी-नांदेड हा रस्ता मला डोळे मिटून पाठ आहे. गाडीत आडवा पडून मी वळणांवरून आणि गतिरोधकांवरून हिशोब करत होतो, हा झिरो फाटा असावा, आता वसमत. पुढचं मला आठवत नाही, बायको सांगते. वसमतच्या आसपास मी ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरचा हात धरला आणि विचारलं, "कुठं जायचं? सुट्टे काढून ठेवा." ते बिचारे म्हणाले, "नांदेड." मग मी म्हणे बराच वेळ मशीन शोधत होतो. हे ती आता हसत सांगते. तेव्हा तिनं गाडीतच माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलून टाकला होता.

नांदेडच्या आयसीयूत रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, शिकाऊच म्हणायच्या. त्यांनी आधीचे कागद चाळले, डोळे बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ लालभडक झाली होती. अंगावर बोट दाबून बघितलं. मग प्रश्न सुरू केले. महिन्याभरात ऑपरेशन? टाके? भाजलं? गळू? फोड? कुठं कापलं, टोचलं? मी कसाबसा नाही म्हणालो. बायको पडद्याआडून म्हणाली, "बोटाला नखुरडं होतं मॅडम, पण ते बसलं."

मॅडमनी पट्टी सोडली, सलाईनच्या पाण्यानं हळद-चुना धुतला आणि टॉर्च घेऊन बोटावर वाकल्या. बोट तसं चांगलंच दिसत होतं. नखाच्या कडेला किंचित गुलाबी, बस. त्यांनी अंगठ्यानं बाजूनं दाबलं. नखाच्या कोपऱ्यातून पिवळट पांढरा थेंब वर आला. तांदळाच्या कणीएवढा, जास्त नाही. त्या बघत राहिल्या, मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला. अर्ध्या तासात बोट बधिर करून नखाची कड काढली, आतली जागा धुतली, पू तपासायला पाठवला. मी अर्धवट शुद्धीत होतो, पण चीड आल्याचं आठवतं. माणूस इकडं मरायलाय आणि हे नखं कापायलेत.

पुढचे दोन दिवस गळ्याजवळच्या नळीतून बीपी वर धरायचं औषध पंपानं चालू होतं. पहिल्या चोवीस तासांत सहा-सात लिटर पाणी शिरेतून गेलं असेल. आणि मी फुगलो. पापण्या उघडेनात, बोटांच्या मुठी वळेनात. लग्नातली अंगठी बोटात रुतली. सिस्टरनी साबण लावून बघितला, दोरा गुंडाळून बघितला, शेवटी कटर आणून कापली. दाजींनी तुकडे औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळून खिशात ठेवले.

बायकोला यातलं एक कोडं सुटत नव्हतं आणि ते तिनं विचारलंच. अंगात एवढं पाणी गेलंय की माणूस ओळखू येईना, मग बीपी का चढत नाही? लघवी का होत नाही? मॅडमनी सांगितलं ते तिला कळलं, आणि तिनं मला आमच्या भाषेत सांगितलं. आमच्या तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. वर पैठणला पाणी सोडलं म्हणजे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, रानाला पोचलंच असं नसतं. अस्तर फुटलं की वाटेतच पाझरतं. कालव्याकाठची रानं चिबडतात आणि टेलचा शेतकरी कोरडाच. माझ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर तसं सैल झालं होतं. पाणी आत सोडायचं, ते बाहेर पाझरून अंगावर सूज, आणि किडनी बसलेली टेलला.

औषधं दोन प्रकारची होती. एक जंतू मारायचं. दुसरं क्लिंडामायसिन, त्याचं काम वेगळं. जंतूच्या आत प्रथिनं घडवायचा कारखाना असतो, तो हे औषध बंद पाडतं. जंतूचं विष हेही प्रथिनच, म्हणून जंतू मरायच्या आधी त्याचं विष निघायचं थांबतं. तिसरंही एक औषध होतं, हजारो लोकांनी दिलेल्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. त्याचा उपयोग होईलच अशी खात्री नाही, काही रोग्यांना देतात, असं मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. किंमत ऐकून दाजी बाहेर जाऊन दोन-तीन फोन करून आले. पण मंगळवारी दुपारी पंपाचा वेग कमी करता आला, संध्याकाळी लघवी वाढली, आणि ते औषध आणायची वेळ आली नाही. आमच्या घरात त्या दिवशी लघवीच्या पिशवीवरचे आकडे लोक सोन्याच्या भावासारखे विचारत होते.

बुधवारी रिपोर्ट आले. बोटातल्या पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू. रक्तात मात्र काहीच उगवलं नाही. दाजी हिशोबी माणूस, त्यांनी मॅडमना अडवून विचारलं, "रक्तात जंतू नाही म्हणता, मग किडनी, लिव्हर, पेशी, कातडी, हे सगळं झालं कशानं? बोट तर इथंय."

मॅडम म्हणाल्या, "जंतू बोटातच होता काका. त्याचं विष रक्तात गेलं. आणि खरं सांगायचं तर विषानंही थेट फार काही केलं नाही. जे केलं ते ह्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं केलं."

हे वाक्य मी ऐकलं आणि तापात चुकीचं ऐकलं असं समजलो. कोविडपासून आम्ही काय काय प्यायलो नव्हतो! गुळवेलीचा काढा, सुंठ, हळदीचं दूध, मेडिकलमधली 'इम्युनिटी'ची पाकिटं. आगाराच्या उपाहारगृहात चहाच्या बाजूला काढ्याचा थर्मास असायचा. प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली ठेव, जेवढी जास्त तेवढी बरी, असंच सगळ्यांच्या डोक्यात. आणि इथं ही पोरगी सांगत होती की माझी ठेवच माझ्यावर उलटली.

मॅडमनी चिठ्ठीच्या मागं चित्र काढून दाखवलं होतं. नंतर घरी माझ्या भाचीनं, ती परभणीला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करते, ते पुन्हा नीट समजावलं. मला ते माझ्या धंद्यातून समजलं, तसंच सांगतो.

आगारातून गाडी सुटते कशी? प्रवासी कुठले, पाटी कुठली, वेळ कोणती, हे सगळं जुळलं की मी दार ओढतो आणि डबल बेल देतो. शरीरातही तसंच असतं. आत शिरलेला जंतू पहारेकरी पेशी गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा आपल्या अंगावरच्या खाचेत बसवून दाखवत हिंडतात. टी पेशी म्हणजे उभ्या असलेल्या गाड्या. प्रत्येकीची पाटी वेगळी. तुकडा ज्या पाटीशी तंतोतंत जुळेल तीच गाडी सुटते. असल्या गाड्या दहा हजारांत एखादी, पुष्कळदा त्याहूनही कमी. तेवढ्या पुरतात. त्या वाढतात, काम करतात, आपल्याला दोन दिवस कणकण येते आणि जाते.

आता आमच्या लाल गाड्यांच्या नंबरप्लेटी कधी बघा. काहींवर एमएच १४, काहींवर एमएच २०, काहींवर एमएच ४०. गाडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधली, चिकलठाण्याच्या की हिंगण्याच्या, त्यावर ते ठरतं. गाडी कुठं जाणार याच्याशी त्याचा संबंध नाही. टी पेशी ज्यानं तुकडा ओळखते त्या रिसेप्टरवरही असा एक भाग असतो. त्याचे प्रकार मोजकेच, म्हणून एकेका प्रकारच्या पेशी ढिगानं असतात. माझ्या बोटातल्या जंतूचं विष पाटी वाचतच नाही. त्याचे तुकडेही व्हावे लागत नाहीत. ते अख्खंच्या अख्खं बाहेरून येतं, एका बाजूनं पहारेकऱ्याला धरतं, दुसऱ्या बाजूनं एका ठरावीक नंबरप्लेटीला, समजा एमएच २० ला, आणि दोघांना बाहेरूनच जखडून टाकतं. पेशीला वाटतं, डबल बेल झाली. मग एमएच २० च्या जेवढ्या गाड्या उभ्या आहेत तेवढ्या सगळ्या एकदम सुटतात. दहा हजारांत एक नव्हे, पाचात एक, कधी त्याहून जास्त. कुठं जायचं ते कुणालाच माहीत नाही. आगाराच्या फाटकात काय होईल ते मी सांगायला नको.

या सुटलेल्या पेशी आरोळ्या मारतात, म्हणजे रसायनं सोडतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्युकिन, इंटरफेरॉन अशी नावं भाचीनं सांगितली. थोडी असली तर तीच आपल्याला वाचवतात. एवढ्या प्रमाणात सुटली की ताप भडकतो, रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात आणि बीपी कोसळतो. कालवा फुटला तो इथं. असल्या विषांना सुपरअँटिजन म्हणतात, हा शब्द १९८९ सालचा. आणि माझ्या आजाराचं नाव टॉक्सिक शॉक सिंड्रोम.

नेमकं कोणतं विष होतं ते तपासायची तिथं सोय नव्हती. लक्षणांवरून निदान केलं, आणि लक्षणांची यादी पक्की असते. ताप १०२ किंवा वर, वरचा बीपी ९० किंवा खाली, होरपळल्यासारखी लाली, तीन तरी अवयवांवर परिणाम. शेवटची खूण मात्र उशिरा येते. मॅडमनी घरी सोडताना बजावलं होतं, "आठवड्याभरात तळहात-तळपायांची सालं निघतील. घाबरू नका. निघाली की मला फोन करून सांगा, माझा कागद पूर्ण होईल."

मला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सोडलं. भाऊबीजेला आक्का आली. मी पाटावर बसलो, तिनं ओवाळलं, आणि ताटात पाकीट टाकायला हात पुढं केला तर अंगठ्याच्या टोकाला काहीतरी पांढरं लोंबत होतं. आक्कानं धागा समजून धरून ओढलं. अंगठ्याच्या टोकाची अख्खी कातडी टोपीसारखी तिच्या हातात आली, लसणाच्या पाकळीची साल यावी तशी. दुखलं नाही, रक्त नाही. आत गुलाबी, कोवळं कातडं, तान्ह्या लेकराच्या बोटासारखं. आक्काच्या हातून ताट पडता पडता राहिलं. पुढचे आठ दिवस हेच. तळहात चिरा पडून पत्र्यासारखे सुटले, टाचेची साल तर एका तुकड्यात निघाली आणि पोरीनं तिचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, मला आवडलं नाही म्हणून मग तो काढूनही टाकला. मी मॅडमना फोन केला. त्या खूश झाल्या. रोग्याची कातडी सोलून निघाली म्हणून खूश होणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन महिने वैद्यकीय रजेवर होतो. वाचायला वेळच वेळ. या आजाराला हे नाव १९७८ साली मिळालं. अमेरिकेत डेन्व्हरला जेम्स टॉड नावाच्या बालरोगतज्ज्ञानं आठ ते सतरा वर्षांची सात मुलं अशी बघितली आणि नाव दिलं. दोन वर्षांनी, १९८० ला, तिकडं शेकडो तरुण बायका याच आजारानं पडल्या, कारण होतं पाळीत वापरायचे फार शोषणारे टॅम्पॉन. त्यामुळं आजही अनेकांना हा फक्त बायकांचा आजार वाटतो. आगारात एका शिकलेल्या सहकाऱ्यानं मोबाइलवर नाव शोधलं, वाचलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला पुन्हा ताप येतोय असं वाटलं. त्याला बसवून सांगावं लागलं की बाबा, निम्म्याच्या आसपास केसेस जखमा, भाजणं, ऑपरेशनचे टाके अशा कशातून तरी होतात, पुरुषांना, लेकरांनाही. आणि अशी जखम वरून बघायला पुष्कळदा अगदी साधी असते. माझा ठणका बसला म्हणून मी निर्धास्त झालो, ते तिथंच फसलो.

हाच जंतू बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो, साधारण चारातल्या एकाच्या. त्याची दुसरी काही विषं लग्नाच्या पंगतीत भेटतात. बासुंदी आटवणाऱ्या आचाऱ्याच्या बोटाला नखुरडं असतं, बासुंदी रात्रभर बाहेर राहते, दुसऱ्या दिवशी उकळी आणून वाढतात. उकळीनं जंतू मरतो, विष मरत नाही. दोन ते सहा तासांत सगळं वऱ्हाड उलट्या करत बसतं. ती विषंही याच खानदानातली. हे वाचल्यावर मला आठवलं की मी तेच बोट घेऊन शनिवारी अर्धा दिवस तिकिटं वाटली होती. बायकोला सांगितलं नाही.

मग मलाच का? माझ्याबरोबर वेचणाऱ्या बायांची बोटं वर्षानुवर्षं टोचतायत. याचं उत्तर मॅडमनी दिलं होतं. या विषातलं जे सगळ्यात नावाजलेलं, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या रक्तात आपोआप तयार झालेली असतात, कधी गाठ पडली ते त्यांना कळतही नाही. उरलेल्यांत मी असणार. वाईट भाग असा, की एवढं होऊनही ती प्रतिपिंडं तयार झाली असतीलच असं नाही. गोवर एकदा झाला की सुटलो, तसं इथं नाही. पुन्हा होऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर त्यांनी लाल पेनानं लिहून दिलंय, ताप आणि अंगावर लाली दिसली की त्याच दिवशी या, जखम असेल तर दाखवा, कितीही लहान असली तरी. त्याची झेरॉक्स माझ्या पिशवीत वेबिलाच्या मागं असते.

रजेवरून आलो तर प्रत्येकजण पाठीवर हात ठेवून एकच सांगायचा. "प्रतिकारशक्ती कमी पडली तुझी. गुळवेल घे." सुरुवातीला मी समजावत होतो. कमी नव्हती पडली, भलत्यांनी बेल दिली आणि सगळी एकदम सुटली. मग सोडून दिलं. गुळवेल घेतो म्हणून सांगतो. पण दुकानात 'इम्युनिटी दुप्पट करा' असं लिहिलेलं पाकीट दिसलं की मला ते सहा-सात लिटर पाणी आठवतं. दुप्पट कुणाची, कशासाठी, कुठल्या पाटीची गाडी, हे त्या पाकिटावर कुठंच लिहिलेलं नसतं. आमच्या मायला हे पटलं. ती म्हणाली, "कुत्रं राखणीला असतंय, पर पिसाळलं तर पहिलं घरच्यालाच चावतंय." मी एवढा मोठा आगाराचा दृष्टांत तिला ऐकवला होता, त्याच्यावर तिनं पाणी फिरवलं.

जानेवारीत फिटनेस घेऊन कामावर रुजू झालो. मशीन हातात धरलं आणि नखांकडं लक्ष गेलं. मधलं बोट सोडून बाकी नऊच्या नऊ नखांवर आडवी खाच, प्रत्येकावर साधारण एकाच उंचीला, कुणी फूटपट्टी लावून कानशीनं ओढल्यासारखी. केसही त्याच सुमाराला मूठभर गळले. फोनवर मॅडम म्हणाल्या, दोन्हीचं कारण एकच. त्या आठवड्यात शरीरानं जीव वाचवायचं सोडून बाकी सगळी कामं बंद ठेवली होती. नखं वाढायची थांबली, मग पुन्हा सुरू झाली, ती जोडाची रेघ. नख महिन्याला तीन-एक मिलिमीटर वाढतं, हिशोब करा. मी केला. कंडक्टरला दुसरं काय येतं? रेघेपासून मुळापर्यंतचं अंतर बरोबर नोव्हेंबरला पोचत होतं. केस आले. खाच हळूहळू वर सरकत राहिली. महिन्याच्या महिन्याला बघायची सवय लागली.

मेच्या पहिल्या आठवड्यात परभणी स्थानकात फलाटावरच्या बाकावर बसून शेवटच्या बोटाचं नख कापलं, करंगळीच्या शेजारचं. तुकडा उडाला, मी वाकून शोधायला लागलो. ड्रायव्हर पाण्याची बाटली भरून आला.

"काय शोधायलास?"

"काही नाही, नख होतं."

"सहा मिनिटं लेट झालाव. चल."

मी चढलो, दार ओढलं आणि डबल बेल दिली.